पांढरी पाच

मागच्या आषाढातल्या एका गुरुवारी आमच्या वसाहतीतल्या दत्तमंदिरात नेहमीसारखे भजन चालू होते. मी मागच्या बाजूला बसून प्रसादाच्या द्रोणांत साखरफुटाणे भरत होते. माझी पाळी आली तेव्हा हात पदराला पुसत पुढे येऊन बसले. काय गाणार, असे आमच्याकडे कोणी विचारत नाही. माझा भूप रागातला अभंग सगळ्यांना ठाऊक आहे आणि तो मी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून, गाते हेही ठाऊक आहे. पेटीवरच्या नानांनी भाता हलवला, षड्ज धरला, आणि मी तोंड उघडण्यापूर्वीच माझ्या लक्षात आले की हा सूर माझा नाही. पेटीकडे पाहिले तर त्यांचे बोट पांढरी पाचवर होते. तबलाही त्याच सुरात मिळवून तयार होता, म्हणजे मी द्रोण भरत असतानाच ही गोष्ट दोघांत ठरली होती. नाना माझ्याकडे बघत नव्हते. चष्मा नाकावर सरकवून ते समोरच्या समईची वात बघत होते. बावीस वर्षे ज्या सुरावर मी डोळे मिटून विसंबले, तो अर्ध्या स्वराने खाली सरकला होता, आणि एवढ्या माणसांत त्यावर काही बोलणे शक्य नव्हते. मी गायले. अंतऱ्यात ‘पंढरी’ या शब्दातला ‘री’ तार गंधारावर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘ग’वर, जाऊन उभा राहतो. त्या दिवशी तो निमूट लागला. आरती झाल्यावर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "आज आवाज किती मोकळा लागला हो तुमचा!"

नानांनी विचारले असते तर मी नाही म्हटले असते, आणि ते त्यांना पक्के ठाऊक होते.

हिशेबच करायचा तर फरक फारच थोडा आहे. पेटीच्या काळी चारमधला तार गंधार म्हणजे सेकंदाला ५२३ कंपने, आणि पांढरी पाचमधला ४९४. तीसएक कंपनांसाठी मी रात्रभर कूस बदलत राहिले, हे कोणाला सांगण्यासारखे नव्हते. पण खरे सांगायचे तर तो ‘री’ गेली दोन-तीन वर्षे माझ्या मागे लागला होता. अभंगाची पहिली ओळ गातानाच मला अंतरा दिसू लागे. आधीच्या ओळीत मी नको तेवढा श्वास भरून घेई, खांदे वर जात, हनुवटी उचलली जाई. माळ्यावरचा डबा काढताना माणूस टाचा उंचावतो, तशी मी सुराकडे हात लांबवत असे. सूर लागे, पण पत्र्यावरून खिळा ओढल्यासारखा. कधी कधी तर मी चलाखी करून ती ओळ टाळकऱ्यांवर सोपवून देई आणि स्वतः नुसते ओठ हलवी. हे सगळे नाना तीन फुटांवरून ऐकत आले होते.

उंच सूर म्हणजे काय, याची माझी पहिली कल्पना मिरजेत, आमच्या जुन्या घराजवळच्या विठ्ठलमंदिरातल्या काकड आरतीत तयार झाली. कार्तिकातली पहाट, थंड फरशी, तुपात भिजलेल्या काकड्याचा वास, आणि डोक्यावरून शाल घेतलेली माझी आत्या. मंदिरात ध्वनिक्षेपक नव्हता आणि असावा असे कोणाला वाटतही नव्हते. आत्या हाच अभंग गाई, आणि तिच्या ‘री’ने माळवदातली कबुतरे फडफडून जागी होत. तिचा चेहरा लाल होई, आणि मानेवरची एक हिरवट निळी शीर हळूहळू फुगत जाऊन माझ्या करंगळीएवढी होई. मी सात-आठ वर्षांची असेन. मी देवाकडे न बघता त्या शिरेकडे बघत बसे. मागच्या बाया एकमेकींना हळूच सांगत, "काळी पाच आहे हो त्यांची!" एखाद्याने अनवाणी पंढरपूर गाठल्याची बातमी द्यावी तसा त्यांचा स्वर असे. घरी आल्यावर मी आरशासमोर उभी राहून ओरडे आणि माझ्या मानेवर शीर उठते का ते तपासून पाही. आमच्या घरात उंच सुराचे मोल त्याच्यासाठी उपसलेल्या कष्टांवरून ठरत असे. जो सूर सहज लागला तो देवाला पोचला की नाही, याची कोणालाच खात्री वाटत नसे.

पुढे गाणे शिकवायला जे मास्तर घरी येत, त्यांनीही या समजुतीला खतपाणीच घातले. माणूस अत्यंत प्रेमळ होता आणि रागदारीचे ज्ञान पक्के होते, पण गळ्याविषयी त्यांच्याकडे दोनच आज्ञा होत्या. एक म्हणजे "चढव, चढव!" आणि दुसरी "नाभीतून आण!" नाभीतून नेमके काय आणायचे आणि ते गळ्यापर्यंत कोणत्या वाटेने येते, हे त्यांना विचारण्याची माझी छाती झाली नाही, आणि विचारले असते तरी त्यांना सांगता आले असते असे आज वाटत नाही. पहाटेचा खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, मात्र त्यांनी मनापासून करून घेतला. त्याबद्दल माझी तक्रार नाही; खर्जाने माझ्या खालच्या सुरांना जी बैठक दिली ती आजही टिकून आहे. पण खाली जितके खणावे तितका वरचा मजला आपोआप चढतो, हा जो समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, तो माझ्या गळ्यापुरता तरी खोटा ठरला. खर्ज रुंदावत गेला आणि धैवत-निषादापाशी पडणारी गाठ जिथल्या तिथे राहिली. बहुतेक बायकांच्या गळ्यात साधारण त्याच टापूत आवाजाचा सांधा असतो, तिथे भरदार आवाज सोडून हलक्या आवाजात पाऊल टाकावे लागते, ही साधी गोष्ट मला पंचवीस वर्षे कोणी सांगितली नाही. मी त्या सांध्यावर भरदार आवाज रेटत राहिले.

त्याचे फळ बाविसाव्या वर्षी मिळाले. महाविद्यालयांच्या स्पर्धेत मी त्वेषाने गायले, दुसरे बक्षीस घेतले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईला हाक मारायला गेले तर नुसती हवा बाहेर पडली. गळ्याच्या डॉक्टरांनी माझी जीभ कापडात धरून बाहेर ओढली आणि लांब दांडीचा, नाण्याएवढा आरसा घशात धरला. "स्वरतंतू सुजलेत. कुठे किंचाळलात का?" त्यांनी विचारले. मी पाटीवर लिहिले, ‘नाही, गायले.’ ते म्हणाले, "तेच ते." पंधरा दिवस मी पाटी-पेन्सिल घेऊन घरात वावरले. तो आरसा घशात धरून माणसाचे स्वरतंतू पाहण्याची युक्ती एका गाण्याच्या मास्तरानेच पुढे आणली, हे मला अलीकडे कळले. मानुएल गार्सिया या गायनशिक्षकाने १८५४ साली दंतवैद्याचा आरसा आणि सूर्यप्रकाश यांच्या मदतीने स्वतःच्याच गळ्यातले स्वरतंतू हलताना पाहिले, आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यावरचा निबंध सादर झाला. आपला आवाज कुठून निघतो ते बघायचे म्हणून तो माणूस स्वतःच्या घशात डोकावला, आणि आमचे मास्तर नाभीकडे बोट दाखवत राहिले. अर्थात आपल्याकडेही सगळे अंधारातच चालले होते असे नाही, प्रा. बी. आर. देवधरांसारख्या गायनशिक्षकाने मुंबईत आवाजाच्या शास्त्राचा आयुष्यभर पाठपुरावा केला. ते शास्त्र आमच्या गल्लीपर्यंत पोचले नाही, इतकेच.

ही सवय लागण्यामागे काळाचाही हात असणार. ध्वनिक्षेपक नसताना नाटकगृहातल्या शेवटच्या बाकापर्यंत पद पोचवायचे तर चढी पट्टी आणि टोकदार आवाज लागतच असणार. जुन्या ध्वनिमुद्रिकांत पुरुषगायकही आज कोणी धरणार नाही अशा चढ्या सुरांत गाताना ऐकू येतात. मंदिर, कीर्तन, काकड आरती या सगळ्यांनी तीच रीत उचलली, आणि पुढे ध्वनिक्षेपक आले तरी रीत गेली नाही. पण या समजुतीला छेद देणारा सर्वांत मोठा दाखला माझ्याच गावात होता आणि तो माझ्या कानी पडूनही मनावर उमटला नव्हता. थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. १९३७ साली प्रवासात त्यांचे निधन झाले आणि त्यांना मिरजेच्या दर्ग्यातच चिरविश्रांती मिळाली. त्यांच्या स्मरणार्थ तिथे होणाऱ्या संगीतसभेला आम्ही लहानपणापासून जात आलो. त्यांच्या तीन-तीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिका आमच्या शेजाऱ्यांकडे रोज लागत. तो आवाज तार सप्तकात जातो तेव्हा रुंद होत नाही, तापत नाही. उदबत्तीची रेघ वर जाताना बारीक होत जाते तसा तो होत जातो. मी तो शेकडो वेळा ऐकला असेल, आणि दर वेळी ‘देवाची देणगी’ असे म्हणून बाजूला ठेवला. देणगी म्हटले की आपल्याला त्यातून शिकण्यासारखे काही उरत नाही.

नानांच्या त्या पांढरी पाचनंतर महिनाभराने, श्रावणात, मी शिकायला लागले. वय बावन्न. पाळी थांबल्यानंतर बायकांचा आवाज थोडा जाड होतो आणि खाली उतरतो, ही शरीराची सरळ गोष्ट आहे. डॉक्टरांनी ती एका वाक्यात सांगितली आणि माझे निम्मे अपराधीपण तिथेच उतरले. उरलेले निम्मे उतरवण्याचे काम माझ्या भाचीच्या मैत्रिणीने केले. ही मुलगी पुण्यात असते, ख्याल शिकली आहे, पाश्चात्त्य आवाजसाधनाही शिकली आहे, आणि वयाने माझ्या निम्म्याहून थोडीशीच मोठी आहे. मी तिला मॅडम म्हणू लागले तर ती इतकी हसली की तो विषय संपला. ती मला काकू म्हणते आणि मी तिला नावाने हाक मारते. गुरूने आपल्याला काकू म्हणण्याची सवय व्हायला मला श्रावण अख्खा लागला. दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर तिची पहिली सूचना ठरलेली असते, "काकू, हनुवटी खाली."

पहिल्या दिवशी तिने मला गाऊच दिले नाही. पाण्याने अर्धा भरलेला पेला घ्यायला सांगितला, त्यात स्ट्रॉचे टोक दोन बोटे बुडवायला लावले आणि स्ट्रॉतून ‘ऊ’ करत सूर लावायला सांगितला. पेल्यात गुडगुड झाली. आमचे हे बाहेरच्या खोलीतून पेपर खाली न करता म्हणाले, "नळ गळतोय का गं?" पण त्या गुडगुडीत काहीतरी घडत होते. स्ट्रॉची वाट अरुंद असल्यामुळे तोंडात हवेचा थोडा दाब साठतो आणि तो उलट स्वरतंतूंना आधार देतो. त्यामुळे ते एकमेकांवर जोराने आदळत नाहीत, हलके टेकतात. आणि फुगे हा हिशेब चोख ठेवतात. मी जोर लावला की पेल्यात उकळी फुटे आणि पाणी टेबलावर सांडे. बुडबुडे सारखे ठेवून पंचमावरून तार षड्जावर, तिथून पुढे तार गंधारावर घसरत जायचे आणि परत यायचे, असे तिने सांगितले. तिसऱ्या दिवशी मी पेल्यात तार गंधार लावला. माझ्या लक्षातही आले नाही, समोर पेटी धरून बसलेली ती म्हणाली, "काकू, लागला की." बुडबुडे तसेच बारीक होते. मी स्ट्रॉ बाजूला काढून तोच सूर ‘आ’मध्ये लावायला गेले आणि पुन्हा पत्र्यावर खिळा.

मग एका शनिवारी तिने मला स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवायला लावले. कंठमण्याच्या उंचवट्यावरून बोट खाली आणले की एक बारीकशी आडवी खाच लागते. बायकांच्या मानेवर ती सापडायला वेळ लागतो. मी बराच वेळ चाचपडत राहिले. "आता तिथेच बोट ठेवा आणि ‘ऊ’ म्हणत खालून वर घसरत जा." मी गेले, आणि सूर चढत गेला तशी ती खाच बोटाखाली मिटत गेली. वरची कूर्चा खालच्या कड्यावर कलते आणि तिला आतून बांधलेले स्वरतंतू ताणले जातात, लांबतात, पातळ होतात. म्हणून सूर चढतो. बायकांचे स्वरतंतू जेमतेम सव्वा ते पावणेदोन सेंटिमीटर लांब असतात, आणि माझ्या तार षड्जाला ते सेकंदातून चारशेपंधरा वेळा मिटतात आणि उघडतात. हे सगळे घडवून आणणारा स्नायू एवढासा असतो. मान, खांदे, भुवया, टाचा यांचे तिथे काहीही काम नसते, आणि मी आजवर ही सगळी फौज घेऊन त्या एका स्नायूच्या मदतीला धावत आले होते. आत्याच्या मानेवरची ती करंगळीएवढी शीर मला आठवली. ज्या गोष्टीला मी भक्ती समजत आले ती बिचाऱ्या मानेची विनाकारण मजुरी होती, असे मनात आले, आणि असे मनात आल्याबद्दल मला वाईटही वाटले.

सर्वांत जड गेला तो चोरटा आवाज. आमचे मास्तर हा शब्द शिवीसारखा वापरत. वरच्या सुरांना आवाज पातळ करणे म्हणजे चोरी, फसवणूक, कातडी वाचवणे. आणि ही मुलगी मला सांगत होती की काकू, दोन महिने वरचे सूर फक्त त्याच पातळ आवाजात लावा. मी लावला तेव्हा खोलीत डास आल्यासारखे वाटले. खिडकी लावून घेतली, कारण समोरच्या बाल्कनीत वहिनी कपडे वाळत घालत होत्या. तो डास तार गंधारावरून धरायचा आणि हळूहळू खाली आणायचा, तार षड्ज, धैवत, पंचम असे उतरत जायचे, आणि उतरताना आवाजाला त्याचे वजन आपसूक मिळू द्यायचे. खालून चढताना जो सांधा दगडासारखा लागतो तो वरून उतरताना जाणवतही नाही, हे मला आश्विनात केव्हातरी प्रथम कळले. एके सकाळी मी धैवतावरून खाली आले आणि कुठे वाट बदलली ते मला सांगता येईना. मास्तर असते तर त्यांनी कान टवकारले असते. पण पकडले असते की नाही, कोण जाणे.

राहिला ‘री’. आपल्याकडे आकार म्हणजे तोंड भरपूर उघडून केलेला ‘आ’, आणि शब्दाचा उच्चार म्हणजे शुद्ध, खणखणीत उच्चार, त्यात तडजोड नाही. पण प्रत्येक स्वरवर्णाला तोंडाच्या पोकळीत स्वतःची एक गुंज असते, आणि ‘ई’ची सर्वांत खालची गुंज तीनशे-चारशे कंपनांच्या आसपास येते. गाण्याचा सूर पाचशेच्या वर गेला की तो तिला ओलांडून पुढे निघून जातो, आणि ‘ई’ आधाराविना चिमटल्यासारखी होते. ती म्हणाली, "‘री’ म्हणताना जबडा सैल सोडून तोंडात थोडा ‘ए’ येऊ द्या." म्हणजे पंढरीचे पंढरे करायचे? मी दोन शनिवार भांडले. संतांच्या शब्दाला हात लावणारी मी कोण, वगैरे सगळे बोलून झाले. तिने मोबाइलवर माझे दोन्ही उच्चार ध्वनिमुद्रित केले आणि काही न बोलता मलाच ऐकवले. माझ्या तोंडात जे स्वच्छ ‘पंढरे’ होते ते बाहेर ‘पंढरी’ ऐकू येत होते, आणि ज्याला मी शुद्ध ‘पंढरी’ समजत होते त्यातली ‘री’ कोणीतरी चिमटीत धरून ओढत होते.

दिवाळीच्या आधी तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची घुमारदार गुंज, बिघडली म्हणून मी मिरजेला गेले. सतारमेकरांच्या त्या गल्लीत भोपळ्यांचा आणि लाखेचा मिळून एक कोरडा, गोडसर वास असतो, तो चाळीस वर्षांत बदललेला नाही. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्याचा कागद मात्र भिंतीवर नवा दिसला. कारागिराने तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवली, तारेखाली सुताचा दोरा सरकवला, आणि तार छेडून दोरा केसभर पुढे-मागे करत राहिला. मी तार जरा जोरात छेडून पाहिली तेव्हा तो म्हणाला, "बाई, जोरानं सूर चढत नाही, नुसता आवाज फाटतो. चढवायचा तर खुंटी पिळा." हे तो तानपुऱ्याविषयीच बोलत होता. मग त्याने खर्जाची तार छेडली आणि दोरा एका जागी थांबवला, आणि त्या खालच्या घुमण्यातून दूरवर, पातळ, स्वच्छ असा गंधार उमटला. स्वयंभू गंधार हा शब्द मी लहानपणापासून ऐकला आहे. तो कोणत्या सप्तकातला, हे मात्र कधी मोजून पाहिले नव्हते. खर्जाची तार माझ्या मध्य षड्जाच्या निम्म्याने, म्हणजे सेकंदाला सुमारे १०४ कंपनांनी वाजते, आणि तिच्यातून उठणारा गंधार तिच्या पाचपट, ५२०च्या आसपास असतो. म्हणजे तो माझ्याच अभंगातला तार गंधार. वर तो पेटीच्या गंधारापेक्षा तीन-चार कंपनांनी खालचा, मऊ. ज्या सुरासाठी मी टाचा उंचावत होते तो सर्वांत खालच्या तारेत आधीपासून बसलेला होता. त्या संध्याकाळी दुकानातल्या बाकावर बसून मी तो नुसता ऐकत राहिले. गाण्याची इच्छा झाली नाही.

त्या दिवसांत मी दोन माणसांना पुन्हा ऐकत होते. एक कुमार गंधर्व, ज्यांना क्षयाने देवासला आणले, वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळवले आणि एक फुप्फुस जवळजवळ निकामी केले. त्यानंतरचे त्यांचे ते तार सप्तकात क्षणात जाऊन येणारे तुकडे ऐकले की श्वासाच्या साठ्याविषयी आपण जे बोलतो ते किती ढोबळ आहे हे कळते. दुसऱ्या गंगूबाई हनगल. ‘गांधारी’ या नावाने निघालेल्या त्यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांतला आवाज बारीक आहे. पुढे गळ्याच्या दुखण्यानंतर तो भारदस्त, जवळजवळ पुरुषी झाला, आणि त्यांनी त्याच आवाजात सगळे गाणे पुन्हा उभे केले. त्यांनी पट्टी उतरवताना कोणाची परवानगी घेतली असेल असे वाटत नाही. त्या आठवड्यात मला दोन्ही वाटा दिसत होत्या आणि कोणती धरावी हे ठरत नव्हते.

दत्तजयंतीला मी नानांना आधीच सांगितले, "काळी चार द्या." त्यांनी मान हलवली आणि दिली. अंतरा आला. हनुवटी खाली होती, श्वास मी मुद्दाम नेहमीच्या निम्माच घेतला होता, आणि ‘पंढरे’ म्हणत मी गंधारावर जाऊन उभी राहिले. सूर लागला, बारीक, सरळ, आणि मी त्याच्यावर उभी आहे असे वाटण्याइतका स्वस्थ. पुढची ओळ गाण्याच्या आधी मला आजूबाजूला बघायलाही सवड मिळाली. कोणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हते. टाळ चालू होते, एक लहान मुलगा पेढ्याकडे बघत होता. उतरणीला लागलेल्या एक आजी, ज्या माझ्या चढलेल्या मानेकडे बघून दर वेळी पदर डोळ्यांना लावत, त्या नंतर जवळ येऊन म्हणाल्या, "आज बरं नव्हतं का गं? जोर नाही लावलास." मी म्हटले, "नाही, बरी आहे." पाच महिन्यांच्या गुडगुडीचे हे प्रमाणपत्र होते, आणि त्यावर हसावे की खट्टू व्हावे हे मला अजूनही ठरवता आलेले नाही. सहज लागलेला सूर कोणाला दिसत नाही. मलाही तो कुठे दिसत होता, दर्ग्यात वर्षानुवर्षे बसून?

गर्दी पांगल्यावर नाना पेटीवर खोळ चढवत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि सहा महिने मनात ठेवलेले विचारले, "आषाढात तुम्ही माझी पट्टी उतरवली होती."

"हो."

"विचारलं नाहीत."

त्यांनी खोळीची नाडी बांधली, गाठ नीट बसली का ते पाहिले. "अगं, तुझ्या आत्यांचीही मीच उतरवली होती. काळी पाचवरून पांढरी सहा, मग काळी चार, मग शेवटी पांढरी पाच. आठ-नऊ वर्षं लागली. एकदम उतरवली असती तर लोकांच्या लक्षात आलं असतं."

"आणि तिच्या?"

"त्यांना षड्ज कळत नव्हता असं वाटतं तुला?" नाना म्हणाले, आणि पेटी उचलून कपाटाकडे गेले.

घरी आल्यावर मी माळ्यावरचा खोका काढला. टाचा उंचावूनच. आत्याच्या काकड आरतीची एक कॅसेट आहे, १९९४ च्या कार्तिकातली. तिच्यावर माझ्या वडिलांच्या अक्षरात ‘काळी पाच’ असे लिहिलेले आहे. जुना टेपरेकॉर्डर अजून चालतो, पण त्याचा पट्टा सैल झाला आहे आणि तो कधी थोडा मागे रेंगाळतो, कधी पुढे पळतो. मी शेजारी पेटी ठेवली आणि तिचा षड्ज शोधू लागले. तो काळी चारवर बसेना आणि पांढरी पाचवरही बसेना; दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी, जिथे पेटीला पट्टीच नसते, तिथे तो हलत होता. अंतरा आला. तिची ‘री’ आली, फाटलेली, लालबुंद, मागे कबुतरांची फडफड असलेली, आणि इतक्या वर्षांनी प्रथमच मला त्यात ‘ए’ ऐकू आला, अगदी थोडा. मी कॅसेट मागे नेली. आमचे हे झोपले होते, म्हणून स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला आणि स्ट्रॉ घेऊन आले, आणि तिच्या त्या पेटीवर नसलेल्या सुरात हळूच बुडबुडे काढत तिच्या मागोमाग गेले.